तंबूतल्या राजकन्येचा फोटो

श्रीनिवासराव चार लोकांत सहसा तोंड उघडत नसत. पुण्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांनी चौतीस वर्षं 'शांतता राखा' या पाटीखाली काढली होती, आणि ती पाटी दुसऱ्या कुणी पाळली नाही तरी त्यांनी पाळली होती. मुलीकडे, सिडनीच्या केलीव्हिलला राहायला आल्यापासून तर दिवसाकाठी वीस-पंचवीस वाक्यांत त्यांचं भागत असे. अशा माणसाने जुलैतल्या एका बुधवारी, तिथल्या मराठी मंडळाच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर, आपण होऊन एक वाक्य बोलावं आणि त्या एका वाक्याने पुढचे दोन महिने डोक्याला ताप व्हावा, याला काय म्हणायचं?

वाक्य तरी काय मोठं? "ही नेसण मला नऊवारीसारखी वाटते." बस्स.

झालं होतं असं. कॅसल हिलच्या एका ऑप शॉपमध्ये, म्हणजे लोकांनी दान केलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, त्यांना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले अकरा जुने फोटो मिळाले. आपल्याकडे जत्रेत 'धड नागाचं, तोंड बाईचं' अशी पाटी लावून तंबू ठोकतात ना, तसेच तंबू शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथल्या गावोगावच्या शेतकी मेळ्यांत असत. आत कुणी आठ फुटी माणूस उभा असे, कुणी हात नसलेली बाई पायाने अक्षर काढून दाखवी, कुणाच्या अंगावर तसूभर जागा न सोडता गोंदलेलं असे. लोक बघत, तोंडात बोट घालत, आणि निघताना त्या माणसाचा फोटो आठवण म्हणून घरी नेत. श्रीनिवासरावांना त्या फोटोंनी वेड लावलं. जन्मभर लोकांच्या नजरा चुकवत आलेला माणूस. लोकांनी आपल्याकडे बघावं म्हणून रोज स्टुलावर चढणाऱ्या या मंडळींचं त्यांना नवल वाटे. सकाळी सगळे कामाला, शाळेला गेले की ते फोटो जेवणाच्या टेबलावर मांडून बसत.

"बाबा, तुम्ही कट्ट्यावर जाऊन नुसता चहा पिऊन येता," मयूरा, त्यांची मुलगी, म्हणाली. "एखाद दिवशी हे दाखवा तरी. लोकांना मजा वाटेल."

लोकांना मजा वाटली. त्यातही एका फोटोची जास्त. गळ्यात अजगर घातलेली एक सावळी तरुण बाई, कपाळावर भलंमोठं कुंकू, नाकात दागिना, आणि अंगाभोवती काठाचं वस्त्र, पायांमधून मागे खोचल्यासारखं. खाली इंग्रजीत छापलेलं: 'प्रिन्सेस तारा ऑफ द डेक्कन.' दख्खनची राजकन्या तारा. श्रीनिवासराव ते वाक्य बोलले ते इथेच.

मंडळाचा अध्यक्ष अजित तेव्हा प्रोजेक्टर लावून द्यायला आला होता. पंचेचाळिशीचा, बँकेच्या आयटीत मोठ्या हुद्द्यावर, आणि उत्साह असा की बघणाऱ्याला दम लागावा. हातातली वायर टाकून तो धावत आला.

"काका, काय म्हणालात? नऊवारी?"

"नाही, म्हणजे... वाटतं. काष्ट्यासारखं काहीतरी. नक्की नाही."

"कधीचा फोटो?"

"अठराशे पंच्याण्णवच्या आसपास असावा. तोही अंदाजच."

"म्हणजे एकशे तीस वर्षं! काका, तुम्ही काय शोधून काढलंय, तुम्हाला कळतंय का?"

काकांना काहीच कळत नव्हतं. अजितने मोबाईलवर फोटोचा फोटो घेतला. श्रीनिवासराव बसमधून उतरून घराचं फाटक उघडेपर्यंत मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मजकूर आला होता: 'ऑस्ट्रेलियातली पहिली मराठी स्त्री सापडली! संशोधक: आपले लाडके श्रीनिवासकाका.' खाली एकशे बारा अंगठे.

सुतावरून स्वर्ग गाठणारे लोक त्यांनी पाहिले होते, पण इथे सूतही त्यांचंच आणि स्वर्गाच्या दारात उभंही त्यांनाच केलेलं. पंधरवड्यात ठरलं की यंदाचा गणेशोत्सव ताराबाईंच्या नावे. फोटोची सात फुटी स्टँडी, म्हणजे उभा कटआउट, होणार. नगरपालिकेचे कौन्सिलर येणार. चित्राने, जी मंडळाची नाटकं बसवते, एक नाटिका लिहायला घेतली: तारा सातारच्या घराण्यातली, गोऱ्या साहेबाने फसवून जहाजात घातलेली, परदेशात नाग वश करून ताठ मानेने जगलेली. सातारा कुठून आला, हे विचारायला श्रीनिवासरावांनी तोंड उघडलं तेव्हा चित्रा म्हणाली, "काका, कुठलं तरी गाव लागतंच ना!"

आणि तारा कोण होणार, तर तनया. त्यांची नात.

तनया पंधरा वर्षांची. मराठी सगळं समजे, पण उत्तर इंग्रजीत. "आबा, डिनर," "आबा, नॉट नाऊ," एवढ्यावर आजोबा-नातीचं नातं चाललं होतं. ती आता रोज शाळेतून आल्यावर परसात उभी राहून रबरी नाग गळ्यात घालून म्हणू लागली, "मी दख्खनची तारा. माझी मान कापाल, पण वाकवू शकणार नाही." 'वाकवू'च्या ऐवजी आधी 'वाखवू' होत होतं, ते तिने आठवडाभर घासून नीट केलं. मयूरा स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत उभी राही आणि तिच्या हातातलं उलथनं तसंच राही.

अशा वेळी श्रीनिवासरावांनी भिंग घेतलं. आधीच घ्यायला हवं होतं. पण आधी घेतलं असतं तर ते श्रीनिवासराव कसले. त्यांना प्रत्येक गोष्ट बोलून झाल्यावर तपासायची सवय, म्हणून तर ते बोलत नसत.

खिडकीशी, सकाळच्या उन्हात, त्यांनी ताराबाईंना इंच-इंच न्याहाळलं. काष्टा नव्हताच तो. वस्त्राला झालर होती, गोंडे होते. टेबलावर अंथरतात तसलं कापड गुंडाळून कमरेशी पिन लावली होती, आणि पायांमधून जे मागे गेल्यासारखं वाटत होतं ती अजगराच्या शेपटाची सावली. मनगटापाशी सावळा रंग एकदम संपत होता. खालचे पंजे गोरेपान. डाव्या हाताची करंगळी आतल्या बाजूला वाकडी, आकड्यासारखी.

ती करंगळी त्यांनी कुठेतरी पाहिली होती. डब्यातले बाकीचे दहा फोटो त्यांनी मांडले आणि सातव्याशी थांबले. 'मिस ओल्गा, सायबेरियाची हिमकन्या.' केसाळ टोपी, पांढरंफेक तोंड, मांडीवर मेलेला कोल्हा. तोच गालिचा, तीच खुर्ची, आणि कोल्ह्याच्या पाठीवर तीच वाकडी करंगळी.

महिनाभर दोन्ही फोटो एकाच डब्यात एकमेकांना चिकटून होते आणि चौतीस वर्षं पुस्तकांची नोंद करण्यात घालवलेल्या माणसाने ते ताडून पाहिले नव्हते! श्रीनिवासरावांनी स्वतःच्या कपाळावर खरोखरच हात मारून घेतला. ओल्गाच्या फोटोमागे दुकानाने किमतीचं स्टिकर डकवलं होतं. केटलीच्या वाफेवर धरून त्यांनी ते अलगद सोडवलं. खाली पेन्सिलीने, पुसट: 'नेल. बॅथर्स्ट शो.' म्हणजे बॅथर्स्टचा शेतकी मेळा, आणि बाईचं खरं नाव नेल.

मग त्यांनी ताराचा फोटो उलटला आणि मागे बारीक टाइपात छापलेली जाहिरात पहिल्यांदा पूर्ण वाचली. दख्खनच्या रानात सापडलेली, नागांनी वाढवलेली, कच्चं मांस खाणारी, मनुष्याची कोणतीही भाषा न जाणणारी रानटी राजकन्या. म्हणजे 'हिंदुस्थानातले लोक असे असतात बघा' असं सांगायला उभा केलेला तंबू, आणि त्यातल्या सोंगाला मंडळ आपली पहिली पूर्वज म्हणून हार घालणार. तेही त्यांच्या सांगण्यावरून.

ग्रंथालयात ते नव्या मुलांना एकच गोष्ट शिकवत: चुकीच्या कपाटात गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा. फाटलेलं दुरुस्त करता येतं, चोरीला गेलेलं परत येतं, पण चुकीच्या जागी नीट लावलेलं कुणाला सापडत नाही, कारण ते कुणी शोधतच नाही. आणि हे तर पुस्तकही नव्हतं, बाई होती. तिला तिथून बाहेर काढायला हवं होतं, आणि आत त्यांनीच टाकलं असल्यामुळे काढायचंही त्यांनीच.

संध्याकाळी त्यांनी मयूराला सांगितलं. तिने दोन्ही फोटो पाहिले, करंगळ्या पाहिल्या, मागची जाहिरात वाचली आणि खुर्चीत बसली.

"ई! बाबा, हे किती भयंकर आहे."

"म्हणजे मी अजितना कळवतो."

"थांबा. जरा थांबा." परसातून 'माझी मान कापाल' ऐकू येत होतं. "ऐकताय ना? काल तिने मला विचारलं, आई, वाकवणे म्हणजे बेंड की ब्रेक? बाबा, पंधरा वर्षांत तिने मला मराठी शब्दाचा अर्थ कधी विचारला नव्हता. कार्यक्रम होऊ दे. मग सांगा काय सांगायचं ते."

"मग कोण ऐकेल?"

"आता तरी कोण ऐकणार आहे? आणि बाबा, चूक झाली त्याला महिना झाला. आणखी चार आठवड्यांनी काय बिघडतं?"

श्रीनिवासरावांना तिचं पटलं, पाच मिनिटांनी पटेनासं झालं, आणि जेवताना पुन्हा पटलं. नातीचं मराठी एका पारड्यात आणि कुठल्याशा नेलचं नाव दुसऱ्यात. असा तराजू घेऊन ते आठ दिवस हिंडले. शेवटी त्यांनी अजितला चार पानी पत्र लिहून ईमेलने पाठवलं, मुद्दे क्रमांक घालून, फोटो जोडून. उत्तर म्हणून एक अंगठा आला.

फोन केला. "काका, मीटिंगमध्ये आहे, पण तुमचं लेटर वाचलं हं. काय ते अक्षर... आय मीन, काय ती भाषा!"

"भाषेचं जाऊ द्या हो, मजकूर..."

"कॉल यू बॅक, काका!"

तेव्हा रविवारी ते चालत अजितच्या घरी गेले. गॅरेजचं दार उघडं होतं आणि आत अजित ड्रिल घेऊन सात फुटी ताराला मागून लाकडी पाय ठोकत होता. मोठी केल्यावर बाईंचा अजगर भिंतीएवढा झाला होता. खाली भगव्या अक्षरांत 'ऑस्ट्रेलियातील आद्य मराठी स्त्री.'

"या या, काका! ग्रँड झालंय की नाही?"

"अजित, ती मराठी नाही."

"हो हो, वाचलं मी. तुमचे डाउट्स आहेत. रिसर्चमध्ये असतातच."

"डाउट नाही. टेबलक्लॉथ आहे तो."

"काका, पण तुम्हालाच तर नऊवारी वाटली ना? तुमच्यासारख्या माणसाला वाटलं म्हणजे काहीतरी असणारच." अजितने ड्रिल खाली ठेवलं. "बरं, ऐंशी टक्के मराठी म्हणूया?"

"टक्के कसले यात?"

"साठ? काका, पन्नास तरी द्या! आपण खाली 'असे म्हणतात' टाकू. बारीक अक्षरांत."

"शून्य! अहो, मागे लिहिलंय की तिला माणसांची भाषा येत नाही. ती जाहिरात आपल्याला हिणवायला छापलेली आहे."

"मागचं कोण वाचतं, काका?" अजित हसला, आणि मग हसू आवरून तिथल्याच एका खोक्यावर बसला. "खरं सांगू? माझ्या मुलाला, वेदला, शाळेत विचारतात, तुम्ही कधी आलात इकडे? तो सांगतो, ट्वेंटी इलेव्हन. बाजूच्या मुलाचे पणजोबा इथल्या रेल्वेवर होते, त्याच्या बाजूचीचे त्याहून आधी. आमचं सगळं कालचं. मला वाटलं, एकजण तरी. एक बाई तरी आपली, आधीपासून इथे. त्यात कुणाचं काय जातंय?"

श्रीनिवासराव चहा पिऊन घरी आले आणि रस्ताभर त्यांना उत्तरं सुचत राहिली.

त्याच आठवड्यात बॅथर्स्टहून पाकीट आलं. स्टिकर निघालं त्याच दिवशी श्रीनिवासरावांनी तिथल्या एका इतिहासमंडळाला पत्र घातलं होतं. त्यांनी ते आपल्या पत्रकात छापलं आणि ब्याऐंशी वर्षांच्या जॉईस नावाच्या बाईंनी ते वाचलं. पाकिटात दोन कागद होते. एकावर जॉईसबाईंनी स्वतःचा डावा पंजा ठेवून भोवती पेन्सिल फिरवली होती. करंगळी आत वळलेली, आकड्यासारखी. खाली लिहिलं होतं की ही आमच्या घरातली खूण, आईलाही होती, आजीलाही.

दुसऱ्या कागदावर पत्र. नेल हॅगर्टी ही माझी पणजी. ती मेळ्यांतून साप घेऊन उभी राही, याहून फारसं आम्हाला माहीत नाही. तंबूवालीची पोर म्हणून माझ्या आजीला शाळेत कुणी शेजारी बसवून घेत नसे. मोठी झाल्यावर तिने आईचे सगळे फोटो चुलीत घातले आणि तिचं नाव काढायला घरात बंदी केली. नेल दिसायला कशी होती, हे मला या वयापर्यंत माहीत नाही. तुमच्याकडचा फोटो मला एकदा बघता येईल का?

श्रीनिवासरावांनी उलट टपाली लिहिलं की फोटो तुमचाच आहे, दोन्ही घेऊन जा. आणि भीत भीत, गणेशोत्सवाच्या आदल्या शनिवारी घरी चहाला बोलावलं. पण जॉईसबाईंच्या भाचीला गाडी घेऊन यायला नंतरचा शनिवारच जमत होता, म्हणजे नेमका कार्यक्रमाचा दिवस. मयूराने अजितला विचारलं की एक पाहुण्या येतील, खुर्ची ठेवाल का. कोण पाहुण्या, हेही तिने सांगितलं. इथेच चुकलं.

संध्याकाळी ग्रुपवर मजकूर आला: 'ब्रेकिंग! आद्य मराठी स्त्रीची पणती प्रमुख पाहुण्या! तीच वाकडी करंगळी!'

श्रीनिवासरावांनी फोन उशीखाली ठेवला. भीक नको पण कुत्रं आवर, असं म्हणायचीही त्यांना ताकद उरली नाही.

शनिवारी दुपारी शाळेचा हॉल गच्च भरला होता. दारातच सात फुटी तारा. जॉईसबाई काठी टेकत आल्या. उंच, किडकिडीत, निळ्या लोकरी कार्डिगनमध्ये. त्या पायरी चढताहेत तोवर पाच बायकांनी त्यांना गाठलं, हळदीकुंकू लावलं आणि कार्डिगनचा पदर करून त्यांची ओटी भरली. खण, तांदूळ, नारळ. कुणीतरी पलीकडून म्हणालं, "करंगळी बघा, करंगळी! खानदानी आहे!"

श्रीनिवासराव त्यांना पहिल्या रांगेत घेऊन बसले. जॉईसबाईंनी मांडीवरचा नारळ दोन्ही हातांनी धरला होता.

"याचं मी काय करायचं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"काही नाही. घरी न्यायचा. तो मान आहे."

"छान. तुमची माणसं फार प्रेमळ आहेत. मला तीन वेळा नमस्ते करायला लावून फोटो काढले." त्यांनी मान वळवून दाराकडे, त्या स्टँडीकडे पाहिलं. "म्हणजे ही ती. तोंड माझ्या आईसारखं आहे. खाली काय लिहिलंय?"

श्रीनिवासराव म्हणाले, "तारा. प्रिन्सेस तारा. इथली पहिली मराठी बाई, असं लिहिलंय. ती चूक आहे. माझी चूक. मी सांगायचा प्रयत्न केला."

"आणि नेल कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही."

जॉईसबाईंनी पुन्हा स्टँडीकडे पाहिलं. रागावल्या नव्हत्या, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे अजून तंबूतच आहे की ती," त्या म्हणाल्या.

त्याच वेळी माइक खरखरला. दीपप्रज्वलन झालं होतं आणि अजित संशोधकांच्या सत्कारासाठी श्रीनिवासरावांना मंचावर बोलावत होता. ते कसे चढले त्यांना आठवत नाही. खांद्यावर शाल आली, हातात आणखी एक नारळ आला, आणि अजितने माइक पुढे केला. "दोन शब्द, काका. दोनच!"

पडद्याच्या फटीतून तनया दिसत होती. हिरवी नऊवारी, कपाळी चंद्रकोर, गळ्यात रबरी नाग, ओठांनी पुटपुटत वाक्यं घोकणारी. श्रीनिवासरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली.

"ही बाई," ते म्हणाले, "मराठी नव्हती. तिचं नाव नेल हॅगर्टी. राहणार बॅथर्स्ट. मी चुकीचं सांगितलं. मला माफ करा."

अजितने चटकन माइककडे वाकून म्हटलं, "बघा मंडळी, केवढा हा विनय! एवढा शोध लावूनही काका श्रेय घ्यायला..."

"अहो, विनय नाही हो हा!" श्रीनिवासराव ओरडले. माइकने अशी शिटी मारली की पुढच्या रांगेने कान झाकले. "चूक आहे, चूक! चार पानं लिहिली तुम्हाला! तुम्ही मला अंगठा पाठवलात! नऊवारी नाही ती, टेबलक्लॉथ आहे. कोकोसारखं काहीतरी फासून उभं केलं होतं तिला, आपली टिंगल करायला. ती पोटासाठी उभी राहिली. पुढच्याच गावात तिला सायबेरियाची केली असेल. पोटच्या पोरीने तिचे फोटो जाळले. तिची पणती इथे बसलीय, ब्याऐंशीव्या वर्षी, पणजीचं नाव ऐकायला आलीय आणि आपण तिची ओटी भरून तिला दुसरंच नाव सांगतोय! नेल. नेल हॅगर्टी. म्हणा बघू!"

हे शेवटचं ते वर्गात मास्तर म्हणतात तसं म्हणाले आणि स्वतःच घाबरले. पण काय गंमत, पाठांतराची सवय असलेला मराठी समाज तो, मागच्या चार-पाच रांगांनी खरंच म्हटलं, "नेल हॅगर्टी." मग आणखी काहींनी. जॉईसबाईंना मराठी एक अक्षर कळत नव्हतं, पण एवढं कळलं. त्यांनी नारळ छातीशी धरला आणि खाली बघितलं.

"पण मग काष्टा?" मधूनच एका आजींनी विचारलं.

"साप आहे तो, साप! शेपूट!"

हॉल हसला. टाळ्या वाजवायच्या की नाही ते कुणाला कळेना, म्हणून अर्ध्यांनी वाजवल्या. श्रीनिवासराव खाली उतरले, जॉईसबाईंच्या शेजारी बसले आणि नारळ खुर्चीखाली ठेवला.

कार्यक्रम थांबला मात्र नाही. एकदा ध्वनिमुद्रित तुतारी वाजली की कुठला मराठी कार्यक्रम थांबतो? पडदा उघडला आणि तनया पुढे आली. आजोबांकडे एक जळजळीत दृष्टी टाकून तिने असा आवाज लावला की मागचे ज्येष्ठ नागरिक ताठ बसले. "मी दख्खनची तारा! माझी मान कापाल, पण वाकवू शकणार नाही!" एक अक्षर चुकलं नाही. शेवटी लोक उभे राहिले. जॉईसबाईही काठीवर भार देऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मुलगी छान आहे. नेलला सापांची भयंकर भीती वाटायची म्हणे. हिला नाही वाटत."

नंतर चहाच्या टेबलाशी लोक येऊन श्रीनिवासरावांचा हात हातात घेत होते. "काका, छान बोललात." "त्या इंग्लिश बाईंना किती सांभाळून घेतलंत." "पण आतून कुठेतरी मराठीच असणार हो ती. नाहीतर एवढं धाडस येतं का?" पालथ्या घड्यावर पाणी. ते मान हलवून हलवून थकले.

पार्किंगमध्ये त्यांनी जॉईसबाईंच्या हातात दोन्ही फोटोंचं पाकीट दिलं. त्यांनी गाडीत बसून तारा पाहिली, ओल्गा पाहिली, पुन्हा तारा पाहिली. "दोन्ही सोंगंच की," त्या म्हणाल्या, "पण डोळे एकच आहेत." आणि त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून श्रीनिवासरावांचा हात दाबला. गाडी गेली.

वळले, तर मागे तनया. नऊवारीचा ओचा एका हाताने उचलून, नाग खांद्यावर टाकून, डोळ्यांतलं काजळ गालांवर आलेलं.

"आबा! माझ्या एन्ट्रीच्या आधी? दोन मिनिटं आधी? कमाल करता तुम्ही! नंतर सांगता नसतं आलं? मी मागे उभी राहून विचार करत होते, आता मी कोण आहे? मला लोक हसले असते तर?"

श्रीनिवासराव ऐकत राहिले. हे पाठ केलेलं नव्हतं. एवढं मराठी तिने त्यांच्याशी कधीच बोलून दाखवलं नव्हतं, आणि बोलली ती शिव्या घालायला. मयूरा गाडीपाशी किल्ली हातात धरून तशीच उभी होती.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "आधीच तुला सांगायला हवं होतं. तुझ्या आईला सांगितलं, अजितना सांगितलं, तुलाच नाही."

"हो ना! मला कोणी विचारतच नाही!" ती फणकारली. "आय वुड हॅव प्लेड नेल. शी साउंड्स वे मोअर इंटरेस्टिंग." आणि नागासकट गाडीत जाऊन बसली.

तेवढ्यात हॉलच्या दारातून आडवी सात फुटी तारा बाहेर आली. एका टोकाला अजित, घामाघूम.

"काका, आता हिचं काय करू मी, सांगा. गॅरेजमध्ये ठेवू? आणि पोस्ट तर सगळीकडे गेलीय. क्रेगीबर्नच्या मंडळाने शेअर केली, डार्विनच्या मंडळानेही केली. तुमच्या जावयाने तर ऑफिसात दाखवली, आमच्या सासऱ्यांचा शोध म्हणून. लोक आता विचारतील मला."

"विचारू देत. खालचं नाव बदला."

"तुम्ही म्हणता म्हणून बदलतो. पण त्या सगळ्यांना कोण सांगणार?"

"मी सांगतो. नंबर द्या."

अजितने त्यांच्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहिलं आणि नंबर पाठवले. श्रीनिवासराव पार्किंगच्या कठड्यावर, शालीसकट, बसले आणि एका बोटाने लिहू लागले. मजकूर मोठा झाला. त्यांना आटोपशीर कधी लिहिताच आलं नव्हतं. नेलचं नाव, गाव, टेबलक्लॉथ, करंगळी, पणती, आपली चूक, सगळं. शेवटी 'कृपया हे आधीच्या मजकुराच्या जागी लावावे' असं लिहून त्यांनी क्रेगीबर्नला पाठवलं.

मिनिटाच्या आत उत्तर आलं. 'थँक्स काका! खूप छान माहिती. तुम्ही ताराबाईंवर आमच्याकडे व्याख्यान द्याल का?'

श्रीनिवासरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. गाडीतून तनयाने हॉर्न दिला. त्यांनी हात वर करून तिला थांब म्हणून खुणावलं आणि पहिल्यापासून, या वेळी नेलचं नाव सगळ्यात वर घालून, पुन्हा लिहायला घेतलं.